दारात थांबलेली ओळ

परवा तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, "आजी, काकाच्या रेकॉर्डवर त्या दोन बायका कोण आहेत? एक सारखी बोलावत असते आणि अगदी शेवटी एक म्हातारी उत्तर देते. ती म्हातारी तूच ना?" मागून तुमची आई सांगत होती की स्वयंपाकघरात ती रेकॉर्ड लावून तुम्ही नाचता आणि म्हातारीची ओळ आली की दोघंही धपकन फरशीवर बसता. हे सगळं फोनवर सांगायला गेले तर अर्धं राहील, म्हणून लिहून पाठवते. बाबाला मोठ्याने वाचायला सांगा. कुठे अडखळला तर हसू नका. मराठी वाचायची सवय त्याचीही गेली आहे.

ती म्हातारी मी नाही, हे आधी सांगून टाकते. त्या रेकॉर्डवर मी आहे, पण गाण्यात नाही. कुठे आहे ते पुढे येईल.

तुमचा काका दिवसभर मद्रासच्या पार टोकाला, शोळिंगनल्लूरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करतो आणि तिथून एग्मोरला घरी पोचेपर्यंत रहदारीत अर्धा जीव घालवतो. उरलेला अर्धा जीव त्याने आपल्या मागच्या खोलीत ठेवलेला आहे. तिथे रेकॉर्ड फिरवायची दोन यंत्रं आहेत, बटणांची एक काळी पेटी आहे आणि इतक्या वायरी आहेत की मी त्यांच्यावरची धूळ झटकते, पण एकीलाही हात लावत नाही. तो जुन्या सामानाच्या दुकानांतून डिस्कोच्या रेकॉर्ड आणतो. तुमचा बाबा जन्मला त्या सुमाराला हॉटेलांपासून लग्नाच्या वरातींपर्यंत सगळीकडे जे वाजायचं, ते डिस्को. एका रेकॉर्डमधला व्हायोलिनचा तुकडा घ्यायचा, दुसरीतला गिटारचा, ते जोडून पुन्हा पुन्हा फिरवायचे आणि खाली धप् धप् असा सारखा ठोका ठेवायचा. याला हाउस म्हणतात. मी एकदा त्याला विचारलं होतं, "दुसऱ्याचं गाणं कापून आपल्यात घालायचं, याला तुमच्यात काय नाव आहे?"

"सॅम्पल."

"आमच्या शाळेत याला कॉपी म्हणत."

"आई, तू सांबारात कढीपत्ता घालतेस. अख्खं झाड घालतेस का?"

"पण कढीपत्ता मी विकत आणते."

"मग मीही विचारून घेतो," तो म्हणाला. आणि ते खरं होतं. ज्याचं घेतलं त्याला शोधून, विचारून, मगच तो वापरायचा. त्यामुळे त्याची कामं वर्षानुवर्षं रेंगाळत.

गेल्या मे महिन्यात परदेशातून एक चौकोनी पार्सल आलं. काकाची गाणी तोवर कॉम्प्युटरवरच असायची. हातात धरता येईल अशी त्याची पहिली रेकॉर्ड एक छोटी कंपनी काढणार होती. सगळ्या रेकॉर्ड छापण्याआधी ती कंपनी एक नमुन्याची पाठवते, मधे कोरा पांढरा कागद असलेली. काकाने ती दिवाणखान्यात लावली आणि लांबून कशी ऐकू येते ते पाहायला तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी स्वयंपाकघरात शेवग्याचा पाला निवडत होते. तेवढ्यात बाहेरून एका बाईचा आवाज आला:

"ये गे माये, उभी दारासी…"

मग पुन्हा, "ये गे माये, उभी दारासी…" आणि पुन्हा तेच.

पिन अडकली, मी म्हटलं. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही. आमच्या वेळी रेकॉर्डवर चरा पडला की पिन तिथेच अडकायची आणि गाणारा तेच तेच म्हणत राहायचा. मग जो जवळ असेल त्याने उठायचं, बोटाने हलकेच पुढे ढकलायचं आणि पुन्हा अडकू नये म्हणून पिनेच्या दांडीवर एक नाणं ठेवायचं. जेवता जेवता उठून मी हे केलेलं आहे. तशीच उठले, ओल्या हातांनी पिन ढकलली, किल्ल्यांच्या वाटीतला रुपया काढून दांडीवर ठेवला. खर्र झालं. आणि बाई म्हणाली, "ये गे माये, उभी दारासी."

मी पुन्हा ढकललं.

"आई! नको!" काका गॅलरीतून धावत आला. "अगं अडकलेली नाही ती! तशीच आहे!"

"तशीच म्हणजे?"

"मी तशी केलीय."

"मुद्दाम अडकवलीस?"

"हो!"

"जी गोष्ट दुरुस्त करायला आम्ही जन्मभर उठलो, ती तू पदरचे पैसे घालून करतोस?"

तो सोफ्यावर बसून हसायला लागला. मग त्याने रुपया उचलून रेकॉर्ड उजेडात धरली आणि हसायचा थांबला. ती रेकॉर्ड अजून आपल्याकडे आहे. या सुट्टीत आलात की तिच्यावरचा चरा दाखवीन.

पण माझं लक्ष चऱ्याकडे नव्हतं. मी तो आवाज ओळखला होता. ती अक्का होती, तुमच्या आजोबांची मोठी बहीण. तुम्ही तिला आत्याआजी म्हणता, काका आत्या म्हणतो.

आता हा आवाज कुठून आला ते सांगते. आजोबांचं घराणं कित्येक पिढ्या तंजावरकडचं. त्यांची मराठी आपल्या मराठीपेक्षा जुनी आणि तिला हेल तमिळचा. मी पुण्याची, वडिलांची रेल्वेत बदली झाली म्हणून मद्रासला आलेली. लग्नानंतर वर्षभर सासूबाई काय म्हणाल्या ते मला आजोबा सांगत आणि मी काय म्हणाले ते त्यांना. त्या घरात नवरात्रात कोलू मांडायचा, म्हणजे पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या. ते तुम्ही पाहिलं आहे. संध्याकाळी बायका बघायला येतात, त्यांना कुंकू, विडा आणि सुंडल द्यायचं. सुंडल म्हणजे उकडलेले हरभरे, वर खोबरं. पण त्याआधी प्रत्येकीने कोलूसमोर बसून एक गाणं म्हणायचं. नुसतं येऊन कुणी जात नाही. पहिल्या वर्षी माझ्यावर पाळी आली तेव्हा मी घाबरून शाळेतली इंग्रजी प्रार्थना म्हटली. सासूबाई म्हणाल्या, "पोदुम, पोदुम." त्याचा अर्थ पुरे, एवढं मला तोवर समजायला लागलं होतं.

आजोबा हे सगळं टेप करून ठेवत. कॅसेटचा रेकॉर्डर खालच्या पायरीवर, डाळ-तांदळाचं दुकान मांडून बसलेल्या शेट्टी-शेट्टिणीच्या बाहुल्यांशेजारी असे, आणि तो तिथे आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. मी प्रत्येक कॅसेटवर वर्ष घालून त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापराच्या वड्यांबरोबर ठेवत आले. तोच डबा काकाच्या हाती लागला. मला वाटलं, हा आता गाणी घेणार. त्याने गाणी घेतली नाहीत. गाण्याआधी बायका "नको, नको" म्हणतात ते घेतलं. "घसा बसलाय हो", "काल आइस्क्रीम खाल्लं", "आधी ह्यांना म्हणू दे", खाकरणं, बांगड्या सावरणं, पदर खोचताना होणारं हसू, ताटल्या.

"गाणी दुसऱ्यांची असतात, आई," तो मला म्हणाला. "नाही-नाही म्हणणं त्यांचं स्वतःचं असतं."

रेकॉर्डवर जी किणकिण ताल धरते ती शेजारच्या बाईंच्या काचेच्या बांगड्यांची आहे. आणि सुरुवातीला कुणीतरी खोकतं ना, ते तुमचे आजोबा. गाण्याचा म्हणून एकच तुकडा त्याने घेतला, अक्काची ही अर्धी ओळ. ते गाणं तिच्या आजीचं होतं, कुठे छापलेलं नाही, आणि आमच्या घराबाहेर मी ते कधी ऐकलेलं नाही.

"विचारलंस का तिला?" मी म्हटलं.

तो रेकॉर्ड पाकिटात घालायला लागला. बाकीच्या बायकांना, आणि ज्या राहिल्या नाहीत त्यांच्या मुली-सुनांना, त्याने शोधून शोधून विचारलं होतं. एक तर न्यूझीलंडला निघाली. अण्णा नगरात राहणाऱ्या सख्ख्या आत्याला तेवढं विचारलं नव्हतं.

"घरचीच आहे ती," तो म्हणाला.

"आणि घाबरतोस तिला."

"ते तर आहेच. आई, तिने नको म्हटलं तर?"

"तर काय करशील?"

"थांबवीन," तो म्हणाला. "ती नसेल तर या गाण्यात काही उरत नाही. कंपनीला कळवीन, नका काढू." दाढ उपटायला माणूस तोंड उघडतो तसं त्याने ते म्हटलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं मेट्रोने अण्णा नगरला गेलो. वाटेत तो म्हणाला, "आई, ही नाचायची रेकॉर्ड आहे हे तू सांग ना."

"मी का सांगू? मी काय नाचणार आहे?"

अक्का खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसली होती. तिचा मुलगा आणि सून बाजाराला गेले होते. काकाला पाहून म्हणाली, "हा कोण दाढीवाला? वैनी, याने संन्यास घेतला की बायको पाहिली?"

"आत्या, तुला एक गाणं ऐकवायला आलोय."

"तू गाणार? अय्यो!"

"मी नाही. तू."

त्याने छोटा स्पीकर टीपॉयवर ठेवून लावला. अक्का डोळे मिटून ऐकायला लागली. थोड्या वेळाने तिचा तळहात गुडघ्यावर पडायला लागला, अगदी ठोक्यावर. काकाने माझ्याकडे पाहिलं. मग मधेच तो हात थांबला आणि शेवटपर्यंत पुन्हा हलला नाही.

"ही मीच?" गाणं संपल्यावर तिने विचारलं.

"तूच, आत्या."

"आवाज बरा होता की गे माझा, वैनी!"

"बरा काय, अक्का, फार गोड होता."

"आणि हे खाली धप् धप् काय?"

"ते… नाचण्यासाठी," काका इतक्या हळू म्हणाला की तिने कानामागे हात धरला. "नाचण्यासाठी, आत्या!"

"मग ओरडतोस काय? नाचोत की. नाचायला नको कोणी म्हटलं?" काकाचा जीव भांड्यात पडला. पण तिचं संपलं नव्हतं. "मज एकच सांग, कण्णा, बाळा. तू तिला आत कां घेईनास?"

"कुणाला?"

"मायेला. देवीला बोलावलं ना तू? ये गे माये, दारात उभी आहेस, ये. बरं, आली ती. परत बोलावतोस. परत बोलावतोस. आत काही घेत नाहीस. पुढची ओळ कोठे गेली?" आणि तिने ती ओळ, गाऊन नव्हे, नुसती म्हणून दाखवली. "पाट मांडिला, बैस मजपासी. बोलावलेल्या बाईला असं उंबऱ्यावर ताटकळत ठेवतात? घरात तुला शिकवलं नाही?" हे शेवटचं माझ्याकडे बघून.

काकाने समजवायचा प्रयत्न केला, की या संगीतात तेच तेच येण्यातच मजा असते. "दारात उभं राहण्यात काय मजा?" ती म्हणाली. "ओळ पुरी कर. मग घाल हवा तेवढा धिंगाणा. अर्धी ठेवणार असशील तर माझा आवाज काढ त्यातून."

बाकी सगळ्याला आम्ही तयारी करून गेलो होतो. देवाचं गाणं नाचायला वापरलं म्हणून ती रागवेल, न विचारता घेतलं म्हणून रागवेल. हे दोघांच्याही मनात आलं नव्हतं. आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. आपल्याकडे कुणाला ये म्हटलं की पुढचा शब्द बस असतो.

अडचण अशी होती की पुढची ओळ काकाकडे नव्हतीच. कॅसेटची बाजू नेमकी तिथे संपली होती. बाजू उलटायचं काम आजोबांचं, आणि बहीण गायला बसली की ते सुंडलाच्या पातेल्याकडे जात. तिचं गाणं लहानपणापासून ऐकतोय, म्हणत.

"मग आत्ता म्हण ना, आत्या. मी फोनवर घेतो."

"मी गात नाही आता." तिने हसून कवळीवर नखाने टकटक केलं. "हे नवे, गळा जुना. जमत नाही दोघांचं."

काका हसला, मला हसू आलं नाही. अडचण दातांची नव्हती. अक्काचे यजमान फार लवकर गेले. त्यानंतर नवरात्रातल्या कुंकवाच्या संध्याकाळी यायचं तिने आपणहून बंद केलं. सासूबाई स्वतः बोलवायला जात, त्यांच्यामागे मी बोलावत आले. ती यायची, पण एखाद्या सकाळी, कुणी नसताना. बाहुल्या बघायची, एखादी वाकडी असेल तर सरळ करायची, डब्यात सुंडल घेऊन जायची. गा म्हटलं तर म्हणायची, "मी आज पाहुणी थोडीच आहे." त्यानंतर मी तिचं गाणं ऐकलेलं नव्हतं.

परतल्यावर काकाने कंपनीला खरं ते कळवलं. त्यांनी नवरात्र संपेपर्यंत थांबायची तयारी दाखवली; त्यानंतर ते दुसऱ्या कुणाची रेकॉर्ड हाती घेणार होते.

मधल्या दिवसांत त्याने बरेच उपाय केले. आधी मला गायला बसवलं. मी ओळ म्हटली. तो म्हणाला, "आई, शब्द अगदी स्पष्ट आहेत."

"म्हणजे वाईट आहे."

"म्हणजे तू तिला बस म्हणत नाहीयेस. उद्या गृहपाठ करून आण म्हणतेयस."

मग त्याच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं की टेपवरच्या आवाजावरून उरलेली ओळ मशीन म्हणून देईल. तेही त्याने केलं. मला ऐकवलं. अगदी अक्काच, तरुण, सुरेल, कुठेही चूक नाही. आम्ही दोघांनी दोनदा ऐकलं. मग त्याने ते पुसून टाकलं. मी विचारलं, का रे? तो म्हणाला, "ती बस म्हणतेय, पण कुणाला म्हणत नाहीये."

नवरात्र आलं. आता माझ्याच्याने पूर्वीइतक्या पायऱ्या होत नाहीत. तरी काकाने माळ्यावरची खोकी काढून दिली आणि मी शेट्टी-शेट्टिणीला खालच्या पायरीवर बसवलं. अक्काला फोन केला.

"शुक्रवारी संध्याकाळी या, अक्का."

"संध्याकाळी कशास? मी सकाळी येईन."

"सकाळी मी घरी नाही."

"कोठे जाणार?"

"कुठेतरी जाईन."

ती खूप हसली. "वैनी, इतकी वर्षं झाली, तुला खोटं बोलता येईना. इंग्रजीत तरी येतं का?"

मग मी खरं ते म्हटलं. "संध्याकाळी या, अक्का. पाहुणी म्हणून या."

तिने फोन ठेवला असं मला वाटलं, पण ठेवला नव्हता. "बघते," म्हणाली.

शुक्रवारी दिवेलागणीला ती सुनेबरोबर आली. करडी रेशमी साडी नेसली होती. खालच्या मजल्यावरच्या तमिळ शेजारीणबाई आणि त्यांची मुलगी आधीच येऊन बसल्या होत्या. अक्काने कोलूवर नजर फिरवली, एक हत्ती सरळ केला, आणि शेट्टिणीशेजारी काकाने ठेवलेलं छोटं यंत्र पाहिलं. त्यावर लाल दिवा होता.

"हे बापाच्या जागी ठेवलंस काय?"

"हो, आत्या. चालू आहे."

"असू दे," म्हणाली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली.

शेजारीणबाईंचा घसा अर्थातच बसलेला होता. मग त्यांनी चांगली दोन गाणी म्हटली. त्यांच्या मुलीने एक म्हटलं. अक्काला कुणी म्हण म्हटलं नाही. तिचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. मी सुंडलाची वाटी भरून घेऊन बाहेर आले तेव्हा काका कॉम्प्युटरपाशी होता, आणि हळू आवाजात त्याचं गाणं सुरू झालं.

मी ते एव्हाना इतक्यांदा ऐकलं होतं की कुठे काय येतं ते मला कळायचं. या वेळी निराळं होतं. आधी आजोबा खोकले. बांगड्या किणकिणल्या. तरुण अक्का म्हणाली, "ये गे माये, उभी दारासी." आणि मग काही नाही. ठोका चालू, बांगड्या चालू, पण त्यावर गाणं नाही, एका ओळीची जागा मोकळी. मग पुन्हा बोलावणं. मग पुन्हा मोकळी जागा. काकाने तिथलं बाकी सगळं उचलून नेलं होतं, पंगतीत एक पान मांडून ठेवावं तसं.

अक्काचा हात गुडघ्यावर होता. "याच्या पुढचं कोणी खाल्लं?" ती म्हणाली.

"तुझी जागा ठेवलीय, आत्या."

"पोक्री आहेस, लबाडा," ती म्हणाली. पुन्हा बोलावणं झालं, पुन्हा जागा आली, गेली. शेजारीणबाई काही न कळून मान डोलावत ताल धरत होत्या. अक्काने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पुढचं बोलावणं झालं आणि ती गायली.

"पाट मांडिला, बैस मजपासी."

आवाज खाली गेलेला होता, विहिरीत उतरल्यासारखा. "बैस" म्हणताना तो थरथरला आणि कवळी किंचित वाजली. ती ठोक्याच्या थोडी मागे होती. घाई नसलेलं माणूस दार उघडायला येतं तेवढी मागे. माझ्या हातून वाटी पडेल असं वाटून मी ती खाली फरशीवर ठेवली. ठण्ण असा आवाज झाला. रेकॉर्डच्या शेवटी, ओळ संपल्यावर, तो ठण्ण ऐका. ती मी. काकाने तो काढला नाही.

 शेजारीणबाई पहिल्या बोलल्या, त्यांच्या नेहमीच्या सवयीने, "अजून एक म्हणा ना!"

"नको, घसा बसलाय," अक्का म्हणाली, आणि मग आम्ही सगळेच जे हसलो ते ताटल्या वाटेपर्यंत हसत होतो. ते हसूही रेकॉर्डवर आहे. ठण्णच्या मागून, अगदी हळू.

निघताना मी सगळ्यांना विडा आणि सुंडल दिलं, तसंच तिच्याही ओंजळीत दिलं. तिने घेतलं. डबा आणला नव्हता.

काकाला त्यानंतर पुष्कळ काम पडलं. नाचाच्या वेगात बसावा म्हणून त्याने तरुण अक्काचा आवाज वर चढवून ठेवला होता. आताची अक्का त्याच्या फार खाली होती. दोघींना एका ठिकाणी आणायला त्याने तरुण आवाज खाली घेतला आणि अख्खं गाणं थोडं सावकाश केलं. कंपनीने कुरकुर न करता ते घेतलं. तुमची आई म्हणते की या रेकॉर्डवर नाचून तुम्ही दमत नाही. त्याचं कारण हे.

एक गोष्ट त्याने अक्काला फोनवर विचारून घेतली. पुढची ओळ प्रत्येक वेळी घालायची की एकदाच, शेवटी? त्याला एकदाच हवी होती. मला वाटलं, ती आता ऐकायची नाही. पण ती म्हणाली, "बोलाव किती वेळा हवं तेवढं. देवी काय एका हाकेत येते? बसव मात्र." म्हणून ती शेवटी एकदाच येते. दोन बायका नव्हेत त्या, बाळांनो. हाक मारणारी आणि बस म्हणणारी एकच, आणि मधे तुमच्या काकाचं उभं आयुष्य.

खरी रेकॉर्ड आली तेव्हा मी ती अण्णा नगरला घेऊन गेले. अक्काकडे वाजवायचं यंत्र नाही. तिने ती खिडकीजवळ, चष्म्याच्या डब्याशेजारी, उभी करून ठेवली आहे. काल मी तिला फोन करून तुमचं सांगितलं, की तिकडे दोन पोरं तुमच्या गाण्यावर नाचतात आणि तुमची ओळ आली की दोघंही खाली बसतात.



"पाटावर?" तिने विचारलं.

"नाही हो, अक्का. फरशीवर."

"थंडीच्या देशात? सांग त्यांना," ती म्हणाली, "खाली काहीतरी घालून बसा म्हणावं."